दातेरी सुरीला घरीच धार: जुलै ते ऑक्टोबरच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

आज आषाढी एकादशी. आमचा उपास, पण मुलांसाठी सकाळी पोदेराकडून (आमच्या गोव्यातला पाववाला) सहा उंडे (बाहेरून कडक गोल पाव) घेतले होते. दुपारी ते कापायला बसलो आणि सुरी चालेना. पावसाळ्यात सकाळचा कडक उंडा दुपारपर्यंत चामट होतो. सुरी वरच्या सालीवर घसरत होती. जोर दिला तसा उंडा चेपला आणि आतला मऊ भाग गोळा होऊन बाहेर आला. ताटात निम्मा चुरा.

ही सुरी घरात ११ वर्षं आहे. पातं २० सेंटिमीटर लांब, २५ मिलिमीटर रुंद, स्टेनलेसचं. दातेरी सुरीला धार लागत नाही, बोथट झाली की फेकायची, असं मी आजवर ज्याला विचारलं त्याने सांगितलं. गेल्या वर्षी दारावर आलेल्या एका धारवाल्याला दिली, तर त्याने ती साध्या सुरीसारखी चाकावर धरली. पुढचे नऊ दाते अर्धे झिजले. तेव्हा मी समोर उभा होतो आणि थांबवलं नाही, त्याचं आजही वाईट वाटतं.

आज रात्री दिवे घालवून बॅटरीच्या उजेडात पातं धारेकडून पाहिलं. धार असेल तिथे काही दिसत नाही, बोथट असेल तिथे उजेड परततो. एकूण ३८ खाचा. खाचांच्या आतली धार काळी, म्हणजे शाबूत. पण दात्यांची टोकं बारीक पांढऱ्या ठिपक्यांसारखी चमकत होती, मोजून २६. खाच खाली टेकत नाही, टोक टेकतं. आमच्याकडे पाव स्टीलच्या ताटात कापायची सवय आहे, त्यामुळे टोकं मेली. उद्यापासून पाव लाकडावर कापायचा.

ठरवलं आहे की ही सुरी घरी नीट करायची. वहिनी घरी केक करून विकते, तिचीही मोठी दातेरी सुरी बोथट आहे आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) ऑर्डरी ऑगस्टमध्ये सुरू होतील. आधी माझ्या जुन्या सुरीवर हात बसवायचा, मग तिच्या सुरीला हात लावायचा.

८ जुलै, मंगळवार

पहिली चूक. घरात खाचेतून ओढायचं एक धार लावण्याचं साधन पडून होतं, कधीतरी २५० रुपयांना घेतलेलं. त्यातून सुरी चार वेळा ओढली. प्रत्येक दाता आतल्या पात्यांवर टकटक अडकत होता. पाचव्यांदा कट् असा आवाज झाला आणि मधल्या एका दात्याचं टोक उडालं. हे साधन फक्त टोकांना लागतं, खाचेत उतरतच नाही. आधीच मेलेली टोकं आणखी चपटी झाली. साध्या सुऱ्यांसाठी ते ठेवलं आहे, दातेरी सुरी त्याच्या जवळ न्यायची नाही.

११ जुलै, शुक्रवार

रजा टाकून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलो. जवळ डिचोलीत हार्डवेअरची दुकानं आहेत, पण एकाच फेरीत सगळं मिळेल म्हणून म्हापसा. पाऊस इतका की छत्रीचा उपयोग नव्हता. घेतलं ते असं: ६ मिमीची गोल कानस १४० रुपये. वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश कागद, नंबर मोठा तितका बारीक) ४००, ६०० आणि १००० नंबरचे दोन-दोन, सहा कागदांचे १२० रुपये. जाड टोकाचा काळा मार्कर २५ रुपये.

१२ जुलै, शनिवार

कानस घेण्याआधी खाच मोजायला हवी होती. आज मोजली: रुंदी ५ मिमी, खोली साधारण २. कानस ६ मिमीची. ती खाचेच्या तळाला पोचतच नाही, दोन्ही बाजूंच्या दात्यांच्या खांद्यांवर बसते आणि टोकंच खाते. हे मला सहा खाचा झाल्यावर कळलं, कारण कानस छान कापत होती आणि मी खुशीत होतो. त्या सहा खाचांमधले दाते आता आखूड आहेत. १४० रुपये गेले, पण दात्यांचं दुःख जास्त.

हे करणाऱ्याने आधी खाच मोजावी. सोपा उपाय असा: काडेपेटीची काडी, ड्रिलची पाती, रिफिल, जे हाताशी असेल ते एकेक खाचेत धरून उजेडासमोर पाहायचं. तळाशी फट दिसली तर वस्तू जाड आहे. तळाला टेकून दोन्ही बाजूंना किंचित फट राहिली तर ती बरोबर.

१३ जुलै, रविवार

आज कापलं काहीच नाही, फक्त बैठक जमवली. त्यातच सकाळ गेली, पण ती वाया गेली असं मी म्हणणार नाही.

दातेरी सुरी बहुतेक वेळा एकाच बाजूने घासलेली असते. उतार एका अंगाला, दुसरं अंग सपाट. आमच्या सुरीत मूठ हातात धरल्यावर उतार उजवीकडे येतो. काम सगळं त्या उताराच्या बाजूने करायचं.

फणसाच्या लाकडाची एक फळी ओसरीवरच्या टेबलाला दोन क्लॅम्प लावून पक्की केली. सुरी तिच्यावर सपाट अंग खाली घालून ठेवली, धार फळीच्या कडेबाहेर एक सेंटिमीटर. मुठीशी एक क्लॅम्प, टोकाशी दुसरा, मध्ये चिंधी. आता सुरी हलत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

मग कोन. मार्करने सगळा उतार काळा केला. सुरीच्या पाठीवर पेन्सिल आडवी चिकटवली, म्हणजे घासायची काडी पेन्सिलीवर टेकून खाचेत उतरेल आणि दर वेळी तोच कोन मिळेल. दोन हात मारून पाहिलं, तर शाई फक्त धारेच्या अगदी कडेला गेली, वर तशीच राहिली. म्हणजे कोन उभा होतोय. पेन्सिल काढली. वहिनीकडून आइस्क्रीमच्या दोन चपट्या काड्या आणल्या, एकावर एक ठेवल्या, जाडी ४ मिमी. आता शाई उतारभर सारखी गेली. सुरीची पाठ २ मिमी आणि काड्या ४ मिमी, मिळून ६ मिमी उंची आणि पात्याची रुंदी २५, म्हणजे कोन १४ अंशांच्या आसपास बसतो. पण आकड्यापेक्षा मार्करवर विश्वास ठेवावा. प्रत्येक सुरीचा उतार वेगळा असतो आणि तो तिने स्वतःच दाखवायला हवा.

बर आली का बघताना बोट कापलं. बर म्हणजे घासल्यावर सपाट अंगाकडे वळून येणारी धातूची केसासारखी कडा. ती बोटाने पाठीकडून धारेकडे, बाहेरच्या दिशेने चाचपायची. मी धारेच्या लांबीने बोट फिरवलं. दातेरी पातं असं लागलं की चीर सरळ जात नाही, फाटते. हळद दाबून काम थांबवलं.

१६ जुलै, बुधवार

बारीक काडी शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. आधी माडाचा हीर वापरून पाहिला. केरसुणीतून एक जाडसर हीर ओढला, त्याला ४०० चा वॉटर पेपर गुंडाळला. कल्पना चांगली होती, कारण हीर एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक असतो, कुठल्याही खाचेला कुठेतरी बसतोच. पण तो वाकतो. दाबला की मध्ये धनुकली होते आणि कोन बिघडतो.

शेवटी ४ मिमीचं ड्रिलचं पातं उलटं धरलं. त्याची मागची गुळगुळीत दांडी वापरायची. तिला कागदाचा एक वेढा दिला की जाडी साडेचार मिमीच्या आसपास होते. ५ मिमीच्या खाचेत नेमकी बसते. दांडी आखूड पडते म्हणून नागमोडी भागावर चिंधी बांधून मूठ केली.

पहिले तीन कागद फाटले. मी दांडी धारेच्या दिशेने ढकलत होतो, धार कागदात घुसत होती. धारेकडून पाठीकडे ओढायला लागल्यावर कागद टिकला. एका पट्टीवर आता पाच-सहा खाचा होतात. कानस असेल तर उलटं, ती ढकलतानाच कापते. परत आणताना उचलायची, नाही तर तिचेच दात जातात.

२० जुलै, रविवार

पहिली पूर्ण फेरी. मुठीकडून सुरुवात केली. पुढचे नऊ अर्धे दाते आणि ते सहा आखूड दाते तूर्त सोडून दिले. राहिल्या २३ खाचा.

प्रत्येक खाचेत आठ हात, मोजून. आठ झाले की मागून बोट. बर लागली तर पुढची खाच, नाही तर आणखी तीन. तीनपेक्षा जास्त कुठेच लागले नाहीत. दांडी ओढताना हलकीशी गोल फिरवायची, म्हणजे कागद एकाच जागी झिजत नाही आणि खाचेचा आकारही राहतो. पाचव्या-सहाव्या खाचेनंतर आवाज ओळखू यायला लागला. सुरुवातीला खरखर येते, मग ती बारीक होत जाते, आणि बर येण्याच्या सुमाराला जवळजवळ सुस्स असा एकसारखा आवाज होतो. शेवटच्या दहा खाचांना मी कानावरच थांबत होतो आणि बोटाने नुसती खात्री करत होतो.

४०० ने एक तास १० मिनिटं लागली. ६०० ने दुसरी फेरी, खाचेला फक्त चार हात, ३० मिनिटं. मध्ये वीज गेली, तरी ओसरीवर पुरेसा उजेड होता.

मग बर काढायची होती. जुन्या टाइलवर १००० चा कागद पाण्याने चिकटवला आणि सपाट अंग त्याच्यावर घासलं. इथे मी घाई केली. बर नीट निघावी म्हणून पाठ थोडी उचलली, दहा-बारा वेळा घासलं. बर गेली. पाव कापून पाहिला, कापत होता. खुश होऊन झोपलो.

२२ जुलै, मंगळवार

सुरी कापते, पण सरळ जात नाही. एका बाजूने उतार असलेली सुरी मुळातच थोडी सपाट अंगाकडे सरकते, आमची डावीकडे सरकायची आणि हाताला त्याची सवय होती. आता ती मध्येच भलतीकडे वळते. उंड्याच्या वर सुरू केलेला काप खाली वाकडा येतो. शिवाय परवाची धार दोन दिवसांत गेल्यासारखी वाटते.

संध्याकाळी काका आले. भातशेती आहे त्यांची, थोडी, घराला पुरेल एवढी. मी सुरी दाखवली. त्यांनी चष्मा लावून आधी उतार पाहिला, मान हलवली, मग उलटी करून सपाट अंग उजेडाला धरलं.

"ही पाठ कोणी उचलली?"

"मीच. बर काढायला."

"विळ्याची पाठ कधी उचलतात का रे? दाते एका अंगाला. दुसरं अंग दगडाला चिकटलेलं पाहिजे. ते अंग सपाट राहिलं तरच दाता चावतो."

आमच्या माळ्यावर आजोबांचा भात कापायचा दातेरी विळा आहे. लहानपणी काकांना मी विहिरीजवळच्या काळ्या दगडावर विळा घासताना शेकडो वेळा पाहिलं आहे. दात्यांच्या बाजूला ते कधी दगड लावत नसत. पाठ दगडावर पालथी घालायची, वरून चार बोटं ठेवायची आणि पाणी घालत लांब हात मारायचा. दाते झिजून गेले की लोहाराकडे द्यायचे नवे पाडायला. हे सगळं डोळ्यांत होतं, पण पावाची सुरी आणि विळा हे एकच जातीचं हत्यार आहे हे दोन आठवड्यांत एकदाही माझ्या मनात आलं नाही.

विळा खाली काढला. काकांनी तो आणि सुरी शेजारी ठेवली. विळ्याचे दाते बारीक, तिरपे, मुठीकडे झुकलेले. सुरीचे गोल खाचांचे. पण दोन्हींना उलटं केलं की तीच सपाट पाठ.

२६ जुलै, शनिवार

सपाट अंगावर मी तयार केलेला उतार जेमतेम पाऊण मिलिमीटर रुंद होता, पण तो काढायला तीन संध्याकाळी लागल्या. ते अंग मार्करने काळं केलं, टाइलवर ४०० चा कागद, पातं पूर्ण टेकवून घासलं. शाई आधी पाठीकडून जाते आणि धारेजवळ काळी रेघ उरते. ती रेघच माझी चूक. पुरती जाईपर्यंत थांबायचं नाही. बुधवारी ४० मिनिटं, गुरुवारी अर्धा तास, आज पुन्हा तेवढंच. दोन्ही अंगठे दुखतात. पात्यावर कंपनीचं नाव होतं ते पुसलं गेलं.

मग उताराच्या बाजूने पुन्हा २३ खाचा, या वेळी फक्त ६०० ने, पाच-पाच हात. बर काढताना पातं १००० च्या कागदावर पूर्ण पालथं, बोटांचा भार धारेच्या वर, तीनच हलके हात. तेवढ्यात बर निघते. राहिलीच तर लाकडाच्या कडेत धार एकदा ओढायची, तुकडा तिथे अडकून पडतो.

मंगळवारी काढलेला विळा ओलाच ओसरीवर राहिला होता, सकाळी नारिंगी झालेला. सुरी स्टेनलेसची, तिला काही झालं नाही. पण विळा, आदोळी (खवणी असलेली विळी), कोयता यांना जुलैच्या हवेत एक रात्रही पुरते. घासून झाल्यावर कोरडं पुसून खोबरेल लावायचं, आणि कानशीही कागदात गुंडाळून ठेवायच्या.

२७ जुलै, रविवार

आज तुलना केली. कालचा चामट उंडा. धार न लावलेली वहिनीची सुरी आणि माझी. प्रत्येकीने तीन उंड्यांचे चार-चार काप, खाली वर्तमानपत्र, चुरा वहिनीच्या केकच्या वजनकाट्यावर मोजला. तिच्या सुरीचा चुरा ११ ग्रॅम, माझ्या सुरीचा ४. काप सरळ. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती ठेवून ओढली, तर साल फुटण्याआधी आत गेली.

वहिनी म्हणाली, "भावजी, माझी कधी?" पुढचे नऊ दाते झाल्याशिवाय नाही, असं सांगितलं.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. आज घरात चिरणं-कापणं नाही. हळदीच्या पानांतल्या पातोळ्या झाल्या. सुरीला हात लावला नाही.

३ ऑगस्ट, रविवार

धारवाल्याकडे अर्ध्या झालेल्या नऊ दात्यांचं काम. इथे वॉटर पेपरने भागत नाही, खाच पुन्हा खोल करावी लागते. झाडं कापणाऱ्यांच्या चेनसॉसाठी बारीक गोल कानशी मिळतात. त्यातली ४ मिमीची डिचोलीतच मिळाली, ११० रुपये. पहिल्या दिवशी हीच घेतली असती तर सहा दाते वाचले असते.

जुन्या खाचांच्या तळाला मार्करने ठिपके दिले, म्हणजे दोन खाचांमधलं अंतर बिघडत नाही. मग तोच १४ अंशांचा टेकू, कानस ढकलत. दर दोन हातांनी शेजारच्या चांगल्या खाचेशी ताडून पाहायचं. एका खाचेला २५ ते ३० हात लागले. कानस मध्येच घसरायला लागली तेव्हा वाटलं पोलाद कडक आहे, पण तिच्या दातांत धातूचा चुरा अडकला होता. पितळी तारेचा ब्रश फिरवला आणि पुन्हा चालू झाली. दीड तास गेला.

त्या सहा आखूड दात्यांचंही थोडं केलं. पण टोकं शेजारच्यांपेक्षा खालीच राहणार, त्यांच्या उंचीला आणायचं तर सगळं पातं खाली घ्यावं लागेल. ते करणार नाही. पाव कापताना तेवढ्या भागात सुरी किंचित हलकी पडते, मला कळतं, दुसऱ्याला कळणार नाही.

१० ऑगस्ट, रविवार

निमुळती डायमंडची दांडी मागवली होती, घरपोच ६२० रुपये. सहा दिवसांनी आली. एका टोकाला साधारण ६ मिमी, दुसऱ्याला २. हीर जे करू पाहत होता तेच, फक्त न वाकणारं. खाचेला बसेल तिथे थांबवून हात मारायचा. डायमंडला दाब नको. दाबलं की कण उखडतात आणि दांडी पहिल्या महिन्यातच गुळगुळीत होते. पाण्याचा एक थेंब आणि हाताचं स्वतःचं वजन, बस्स.

वहिनीची सुरी ३० सेंटिमीटरची, केकचे थर सपाट करायची. खाचा ४१, रुंद आणि उथळ. तिच्यासाठी टेकू पुन्हा ठरवावा लागला, मार्करने पाहून आइस्क्रीमची एकच काडी पुरली. लांब पातं मध्ये लवत होतं, म्हणून तिसरा क्लॅम्प. खाचेला सहा हात. मागचं अंग पूर्ण टेकवून तीन हात. सगळं मिळून ५५ मिनिटं, आणि एकही चूक नाही. माझ्या सुरीला चार आठवडे लागले होते.

तिने लगेच एका स्पंजचा वरचा फुगीर भाग कापून काढला. सुरी खालीवर न करता एकाच लांब हाताने पलीकडे गेली. कापलेल्या जागेवर हात फिरवून म्हणाली, "क्रीम कमी लागेल आता." चुरा क्रीममध्ये येऊ नये म्हणून ती आधी पातळ थर देऊन केक फ्रिजमध्ये घालते, त्यात केकमागे अर्धा तास जातो. हे मला माहीतच नव्हतं.

१६ ऑगस्ट, शनिवार

हात बसलाय तोवर बाकीची दोन पाती.

टोमॅटोची छोटी सुरी, लाल प्लास्टिकच्या मुठीची. दाते एक मिलिमीटरपेक्षा बारीक. त्यांत काहीच उतरत नाही. सपाट अंग १००० च्या कागदावर २० हात घासलं, थोडी सुधारली. याहून जास्त होणार नाही. अशी सुरी दोन-तीनदा अशीच पाजवायची आणि मग बदलायची, तिच्यावर रविवार घालवू नये.

आदोळीचं काम मात्र आईने मागे लागून करून घेतलं. चवथीला नेवऱ्या, मोदक, खतखतं, सगळ्याला खोबरं, आणि ते सगळं ती आदोळीवर खवते. खवणीच्या दात्यांमधल्या खाचा त्रिकोणी असतात, गोल कानस चालत नाही. शेजाऱ्यांकडून छोटी त्रिकोणी कानस आणली, वरच्या अंगाने खाचेला तीन-तीन हात दिले. खालचं अंग कागदावर हलकं फिरवलं. मग साबणाने धुवून, सुकवून, अर्धा नारळ खवून तो टाकून दिला, कारण लोखंडाचा बारीक चुरा पहिल्या खोबऱ्यात येतोच. दुसऱ्या वाटीचं खोबरं बारीक आणि लांब पडलं, करवंटीची तपकिरी साल त्यात आली नाही. आई काही बोलली नाही, पण तिसरा नारळ तिने स्वतःहून फोडला.

२४ ऑगस्ट, रविवार

तीन दिवसांवर चवथ. हिशेब लिहून ठेवतो.

६ मिमी कानस १४०, ४ मिमी कानस ११०, वॉटर पेपर १२०, मार्कर २५, डायमंड दांडी ६२०. एकूण १०१५ रुपये. जुनं ओढायचं साधन धरलं तर १२६५. नवी पावाची सुरी साडेचारशेला मिळते. फक्त एका सुरीसाठी कोणी हे करू नये. कमीत कमी खर्चात करायचं तर ४ मिमी कानस, वॉटर पेपर आणि मार्कर, २५५ रुपयांत भागतं. डायमंडने वेळ वाचतो, धार काही वेगळी होत नाही.

वेळ: माझ्या सुरीवर साधारण ११ तास, त्यातले सहा चुका निस्तरण्यात.

पाव आता फणसाच्या फळीवरच कापला जातो. सुरी खणात इतर भांड्यांत टाकायची नाही, भिंतीवर टांगायची. हे मुलांना दोनदा सांगावं लागलं.

५ ऑक्टोबर, रविवार

दहा आठवड्यांनी पुन्हा बॅटरीच्या उजेडात पाहिली. ३८ पैकी चमकणारी टोकं पाच, तीही त्या आखूड भागाच्या आसपास. सपाट अंगावर १००० च्या कागदाचे पाच हात, मग त्या पाच जागी डायमंडचे दोन-दोन. १२ मिनिटांत संपलं.

पाऊस उघडल्यावर काकांच्या शेतात कापणी. आजोबांचा विळा मीच तयार केला होता. दात्यांना हात न लावता, पाठ काळ्या दगडावर पालथी घालून. काकांनी पहिली मूठ कापली, विळा उलटा करून पाठीवर अंगठा फिरवला आणि पुढची मूठ धरली. दुपारपर्यंत तोच विळा त्यांच्या हातात होता.